हेपारिनवाले डॉक्टर

डॉक्टरांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, तो मी त्यांच्याकडे कामाला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी. तोवर त्यांची माझी ओळख घोट्यापर्यंतचीच होती. मुलाखतीला मी प्रमाणपत्रांची फाईल घेऊन उभी होते आणि ते टेबलापलीकडून मान वाकडी करून माझ्या पावलांकडे बघत होते.

"संध्याकाळी उजव्या पायाला सूज येती न्हवं?"

"येते," मी म्हणाले. चौदा वर्षं वॉर्डात उभं राहून काढलेल्या बाईच्या पायाला सूज येणार नाही तर काय होणार?

"शिरा फुगाय लागल्यात. मोजे घाला. उद्यापास्नं या."

झाली मुलाखत. फाईल मी उघडलीसुद्धा नाही.

मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. ते रक्तवाहिन्यांचे डॉक्टर. पण एवढा जड शब्द पेठेत कोण उच्चारणार? कुणी त्यांना 'शिरंचं डॉक्टर' म्हणायचं, कुणी 'पायाचं डॉक्टर', आणि ज्यांनी त्यांच्याकडे चार दिवस काढले होते ते 'हेपारिनवाले डॉक्टर' म्हणायचे. मूळचे कुरुंदवाडकडचे. घरी शेती आणि म्हशी. मोठमोठ्या शहरांत शिकून, काम करून परत आले होते, पण जिभेवर त्या शहरांचा एक थेंब सांडला नव्हता.

त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप क्वचित दिसायचा. शिंप्याची पिवळी टेप मात्र कायम. आलेल्या प्रत्येकाच्या दोन्ही पोटऱ्या ते मोजायचे. एक पोटरी दुसरीपेक्षा दोन बोटं जास्त भरली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. शेजारच्या गाळ्यात खरोखरच एक टेलर होता. एकदा एक गृहस्थ कापडाची पिशवी घेऊन चुकून आमच्याकडे शिरले. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. "खाली किती ठेवताय?" त्या गृहस्थांनी विचारलं. "तुमालाच ठेवतोय," डॉक्टर म्हणाले. त्या गृहस्थांच्या डाव्या पायाच्या खोल शिरेत मांडीपर्यंत गुठळी होती. आठ दिवसांनी ते बरे होऊन गेले, पँट न शिवता. मी तिथं उभी होते म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

बाहेर पेशंटांना बसायला खुर्च्या फक्त चार होत्या. त्या ज्यांना चालायची मनाई होती त्यांच्यासाठी. बाकीच्यांना नंबर येईपर्यंत इमारतीभोवती चालत राहावं लागायचं. "बसून बसून रगत दमतंय. फिरा की!" असं ते खिडकीतून ओरडायचे. सकाळी दहा वाजता आमच्या हॉस्पिटलभोवती पंधरा-वीस माणसं डावीकडून उजवीकडे फिरत असायची. बाहेरगावच्या एक बाई एकदा पिशवीतून नारळ घेऊन त्यात सामील झाल्या. तीन फेऱ्या झाल्यावर त्यांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, गाभारा कुठल्या बाजूला हाय?" तो नारळ डॉक्टरांनी फोडून सगळ्यांना वाटला.

ते मला एरवी 'तू' म्हणायचे, 'सिस्टरबाई, हिकडं ये' असं. चिडले की 'तुम्ही'वर जायचे. डॉक्टरांनी आदरानं हाक मारली की वॉर्डातल्या सगळ्या नर्स कामाला लागायच्या.

पण त्यांचं खरं वेड हेपारिन. काचेच्या बोटभर बाटलीतलं पाण्यासारखं औषध, पण ते बाटली उजेडात धरून असं बघायचे, जसं म्हशीचा मालक पहिल्या धारेचं दूध बघतो. नवा पेशंट दाखल झाला की त्याच्या खाटेवर बसून ते सगळं समजावून सांगायचे. पेशंट शिकलेला असो वा नसो, त्यात एका शब्दाची काटछाट नव्हती.

"तुमच्या शिरंत गुठळी झालीया. गुठळी म्हंजे नको असल्यालं पावणं. येऊन बसलंय, आता लगेच उठत न्हाय. हेपारिन त्येला हाकलत न्हाय, ध्यानात घ्या. लोकांस्नी वाटतंय इंजेक्शन दिलं की गुठळी विरघळली. तसं न्हाय. हेपारिन फकस्त त्येला जेवायला वाढू देत न्हाय. त्यामुळं ते फुगत न्हाय. आणि मग तुमचं अंगच त्येला हळूहळू बाहीर काढतंय."

मग ते पुढं सांगायचे की रक्तात मुळातच एक राखणदार असतो, रक्त उगाच गोठू न देणारा, पण स्वभावानं तो मंद. हेपारिन त्याच्या पाठीवर थाप मारतं आणि तो कितीतरी पटीनं चपळ होतो. आणि सगळ्यात आवडतं वाक्य ते शेवटी राखून ठेवायचे. "निरोगी शिरंच्या आतल्या अस्तराला देवानं ह्येच्यासारखंच काहीतरी लावून धाडलंय. म्हणून तर रगत एवढं पळतंय आणि कुठं चिकटत न्हाय. बिडी, साखर, रक्तदाब ह्यांनी ते अस्तर तुम्ही खरवडून काढताय आणि मग माझ्याकडं येऊन बाटलीतलं मागताय!"

एकदा गारगोटीच्या एक निवृत्त शिक्षिका दाखल झाल्या. कडक शाकाहारी, कांदासुद्धा न खाणाऱ्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी वर्गात विचारावा तसा प्रश्न विचारला. "हे औषध बनतं कशापासून?"

त्यांचा मुलगा डॉक्टरांच्या मागून मान हलवून 'नको, नको' अशा खुणा करायला लागला. त्यानं आधीच कुठंतरी वाचलं होतं.

"डुकराच्या आतड्यापासून," डॉक्टर म्हणाले.

मुलानं कपाळाला हात लावला.

"बाई, विचारलं की मी सांगतो. न्हाय विचारलं तरी सांगाय पायजे खरं तर. दुसरं एक औषध हाय, कारखान्यात बनवल्यालं, त्यात जनावराचा संबंध न्हाय. काम तेबी करतंय. पण हेपारिननं रक्तस्राव झाला तर त्येला उलटवणारं औषध माझ्या कपाटात हाय, ह्या दुसऱ्याला तसं न्हाय. आता तुम्ही ठरवा."

बाईंनी डोळे मिटून मिनिटभर विचार केला. "मला ते दुसरं द्या. पण उद्या गरजच पडली तर हेही द्या. खरं सांगून देणाऱ्याच्या हातचं मला चालेल."

डॉक्टर दिवसभर खुशीत होते. दुपारी त्यांनी सगळ्या स्टाफला मिसळ मागवली आणि आपला पाव मला देऊन टाकला.

असा हा माणूस स्वतः मात्र सुईला घाबरायचा. फ्लूची लस टोचायला मी त्यांच्या दंडावर कापूस फिरवला की ते भिंतीकडे तोंड करून रंकाळ्यावरच्या भेळेबद्दल बोलायला लागायचे. सुई टोचून, काढून, कापूस टाकून झाला तरी भेळ चालूच. "झालं सर," म्हटलं की म्हणायचे, "मला म्हाईत हाय. मी भेळंचं सांगाय लागलोय."

आता मी मुलाकडे पुण्याला असते आणि ओळखीच्यांना त्यांच्या या गमती सांगते. लोक हसतात. पण डॉक्टर नुसते गमतीचे नव्हते, हे मला ज्या दिवसांत कळलं ते वस्तादांच्या आजारपणाचे दिवस.

वस्ताद म्हणजे जवळच्याच एका तालमीचे. सत्तरीचे, पण छाती अजून दारासारखी. घसरून गुडघ्याला मार बसला आणि पंधरा दिवस त्यांचा पाय पट्ट्यांत जखडून ठेवावा लागला. पट्ट्या काढल्यावर पोटरी सुजली. त्यांचा एक पठ्ठा आईचा पाय दाखवायला आमच्याकडे आला होता. तो सहज म्हणाला, "आमच्या वस्तादांचाबी पाय सुजलाय. आमी दोघंजण सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळतोय."

डॉक्टर उठले. समोरच्या पेशंटाचा एक पाय हातात होता तो हळूच स्टुलावर ठेवला आणि चपला घालून बाहेर पळत सुटले. त्यांच्यामागे मी. इमारतीभोवती फिरणारे पेशंट थांबून बघायला लागले.

मी तालमीच्या दारातच थांबले. आत लाल मातीच्या कडेला चटईवर वस्ताद आडवे होते आणि दोन दांडगे पैलवान त्यांची पोटरी कणीक मळावी तशी मळत होते.

"हात काढा!" डॉक्टर दारातूनच ओरडले. "हात काढा म्हणतोय न्हवं!"

माझ्या दोन दंडांएवढा ज्यांचा एक दंड, ते दोघं चोरी पकडलेल्या पोरांसारखे मागे सरले.

वस्तादांनी मान वर केली. "पावणं, कोण तुम्ही?"

"पावणं मी न्हाय. पावणं तुमच्या पायात बसलंय." डॉक्टर तसेच मातीत बसले आणि टेप काढली. "गुठळी हाय ही. चोळून चोळून हिचा तुकडा सुटला आणि फुप्फुसात गेला तर वस्ताद, जाग्यावर खेळ खलास. कुणी हात लावायचा न्हाय, तुम्ही चालायचं न्हाय."

चार पैलवानांनी वस्तादांना तालमीतल्या एका खाटेवर घेतलं आणि खाट उचलली. भर सकाळी पेठेतून ती खाट निघाली, पुढे टेपवाले डॉक्टर रिक्षा बाजूला करत. सोनोग्राफीत मांडीपर्यंत गुठळी निघाली. हेपारिनचा पंप सुरू झाला.

पाच दिवस सगळं छान चाललं. सूज उतरली, वस्ताद खाटेवरून पठ्ठ्यांना डाव समजावायला लागले. सहाव्या दिवशी सकाळी मी त्यांचा रिपोर्ट उघडला. रक्त गोठवायला लागणाऱ्या ज्या बारीक पेशी, प्लेटलेट, त्या दाखल होताना अडीच लाख होत्या. आता सत्तर हजार. मी वस्तादांजवळ गेले. ते म्हणाले, "सिस्टरबाई, आता ह्यो दुसरा पाय जड वाटाय लागलाय."

मागच्या नोकरीत हे मी एकदा पाहिलं होतं. हेपारिन फार थोड्या माणसांत असं उलटतं. शरीर त्यालाच वैरी समजतं, त्या गोंधळात प्लेटलेट एकमेकींना चिकटत सुटतात, आणि गुठळी थांबवायला दिलेलं औषध नव्या गुठळ्या करायला लागतं. आकडा घसरलेला दिसतो तो प्लेटलेट त्या गुठळ्यांत खर्ची पडतात म्हणून. मी पुन्हा रक्त पाठवलं. पासष्ट हजार. मी पंप बंद केला आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन आकडा आणि माझी शंका सांगितली.

"लॅबची चूक हाय," ते रिपोर्ट न बघताच म्हणाले. "नमुन्यात गुठळी झाली असंल. परत करा."

"परत केलंय, सर. आणि उजवा पाय जड झालाय त्यांचा."

"हेपारिननं? माझ्या हेपारिननं?"

"मी पंप बंद केलाय."

ते उभे राहिले. "कुणाला विचारून? तुम्ही नर्स हायसा का डॉक्टर? मी सांगितल्याबिगर पंपाला हात लावायचा अधिकार तुमाला कुणी दिला?"

नोकरी जाणार हे मी धरून चालले होते. "चिडा, सर. काढून टाका मला. पण अगोदर तो पाय बघा."

ते तरातरा वॉर्डात गेले. वस्तादांच्या उजव्या पोटरीभोवती टेप गुंडाळली. आकडा बघितला. पुन्हा गुंडाळली, पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा टेप नुसती हातात धरून राहिले. मग सोनोग्राफीचं यंत्र ओढून आणलं. उजव्या पायात नवी, ताजी गुठळी होती.

मला वाटलं, आता ते बाहेर जाऊन आम्हांला सूचना देतील आणि वस्तादांना 'औषध बदलतोय' एवढंच सांगतील. कुठलाही डॉक्टर तेवढंच सांगतो. हे खाली फरशीवर मांडी घालून बसले. वस्तादांचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं.

"वस्ताद, ह्या पायात नवी गुठळी झालीया. माझ्या औषधानं झालीया. हजारात एखाद्याला हुतंय असलं, पण ते तुमाला झालं आणि मी बघितलं न्हाय. ह्या बाईनं बघितलं. मी तर तिच्यावरच वराडलो."

वस्तादांचा मुलगा आणि पाच-सहा पैलवान दाराशी उभे होते. त्यांच्यातला एक पुढे सरकला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली. वस्तादांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"डॉक्टर, आपलाच डाव आपल्यावर उलटतोय कदी कदी. चाळीस वर्सं मातीत हाय, मला म्हाईत हाय. त्यात मान काय खाली घालाय लागलाय? दुसरा डाव टाका की."

डॉक्टरांनी दुसरा डाव टाकला. त्या शिक्षिकाबाईंना दिलेलं ते कारखान्यातलं औषध. मग त्यांनी मला हाताला धरून वस्तादांच्या खोलीभर फिरवलं. हेपारिन सगळीकडून जायला हवं होतं. शिरेतली नळी तुंबू नये म्हणून आम्ही तिच्यात जे थेंबभर हेपारिन सोडायचो तेसुद्धा. एक एक बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं ट्रेमध्ये गोळा केली. खाटेच्या डोक्याशी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून लावलं: 'ह्या माणसाला हेपारिन कधीही नको.' ज्यांनी जन्मभर त्या औषधाची स्तुती केली होती त्यांना ते पाच शब्द लिहायला बराच वेळ लागला.

दुपारी सगळी तालीम दारात उभी. चाळीस पैलवान, बाह्या वर करून. "वस्तादांच्या प्लेटलेट कमी झाल्यात म्हणं. आमच्या घ्या. लागतील तेवढ्या घ्या."

"घरी जावा," डॉक्टर म्हणाले. "ह्या आजारात वरनं प्लेटलेट दिल्या तर पेटल्याल्या चुलीत लाकडं घातल्यागत हुतंय. तुमच्या दंडाचा हितं उपेग न्हाय. गप वाट बघायची."

वाट बघणं त्यांनाच जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा साठ हजार. तिसऱ्या दिवशी बासष्ट, आणि बासष्टवर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना खोटी आशा देऊ नये म्हणून तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी लॅबच्या मुलीनं फोनवर आकडा सांगितला. डॉक्टरांनी तो मोठ्यानं म्हटला, "एक लाख धा हजार!" आणि हातातला फोन तसाच ठेवून ते बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं तर पेशंटांच्या घोळक्यात ते स्वतः इमारतीभोवती भराभरा फेऱ्या घालत होते आणि हसत होते. लोकांना वाटलं, नवीन नियम निघाला.

तेराव्या दिवशी वस्ताद आपल्या पायांनी घरी गेले. तालमीचा निरोप आला की संध्याकाळी डॉक्टरांनी यायचंच. त्यांनी मला बरोबर घेतलं. तालमीच्या दारात हलगी कडकडत होती, मातीवर गुलाल टाकला होता, आणि वस्तादांच्या हातात भगवा फेटा होता. ते डॉक्टरांच्या डोक्यापर्यंत हात नेणार, तेवढ्यात डॉक्टर बाजूला झाले.

"मला नगं. मी चुकलोय. ज्यानं बघितलं त्येला बांधा."

"सर, काय चाललंय?" मी म्हणाले. चाळीस पैलवान माझ्याकडे बघत होते. लहानपणी आमच्या गावी मी तालमीच्या दारावरून जातानाही पदर सावरून जायची. बाईनं आत पाऊल टाकायचं नसतं असंच ऐकत मोठी झाले.

"आत या, बाई," वस्ताद म्हणाले. "चपला काढून या."

मी आत गेले. माती पायाला गार लागली. वस्तादांनी पीळ घालत घालत फेटा बांधला, तुरा वर काढला, शेमला पाठीवर सोडला. हलगीवाला असा काही पेटला की शेजारपाजारची माणसं गच्च्यांवर आली. डॉक्टर सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होते आणि गुलाल नाकात गेल्यामुळे शिंकत होते.

तेवढ्यात मला आठवलं की चार नंबर खाटेवरच्या आजींच्या पंपातली हेपारिनची सिरिंज बदलायची वेळ झाली होती. वस्तादांनंतर डॉक्टरांचं हेपारिन काही बंद झालं नव्हतं. फक्त आता प्लेटलेटचा आकडा ते स्वतः उघडून बघायचे आणि मग मला विचारायचे, "तुला काय वाटतंय?" मी फेटा सोडवत बसले नाही. तशीच हॉस्पिटलात धावले आणि फेट्यासकट सिरिंज बदलली.

आजींनी डोळे उघडले. माझ्याकडे वरून खाली बघितलं. "आगं बाई! लगीन कुणाचं हाय?"

"कुणाचं नाही, आजी. एका पेशंटाला घरी सोडलं आज."

आजी जरा वेळ तुऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मला सोडशील तवाबी असंच नटून ये."

पाच दिवसांनी त्यांना सोडायचं होतं. सकाळी मी ड्यूटीवर आले तर दारात डॉक्टर उभे. "फेटा आणलास का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विसरले, सर."

"मग जा की घरी," ते म्हणाले. "आजी थांबल्यात."